डाव्या हाताचा पिटा

७ डिसेंबर, रविवार. दोन किलो अवरेकाळू सोलायला घेतले आहेत. शेंगा वर्तमानपत्रावर, दाणे पातेल्यात, सालं बादलीत. बोटं आत्ताच काळी-चिकट झाली आहेत. कितीही साबण लावला तरी हा वास उद्या माझ्याबरोबर ऑफिसात येणार.

अवरेकाळू म्हणजे आपल्या पावट्यांचे बंगळुरी भाऊबंद. डिसेंबर लागला की मल्लेश्वरमच्या फुटपाथांवर त्यांचे हिरवे ढीग दिसायला लागतात आणि पुढचे दोन महिने उपमा, सार, उसळ, फरसाण, सगळ्यांत तेच. चांगल्या शेंगेला एक तेलकट, उग्र, ओल्या रानासारखा वास असतो. त्याला इथे सोगडु म्हणतात. गाडीवर भाजी आणणारी नागम्मा शेंग मोडून थेट माझ्या नाकाखाली धरते. "नोडी अक्का, सोगडु नोडी!" बघा, वास बघा. मी दरवर्षी म्हणते, "स्वल्पच दे," आणि दरवर्षी ती दोन किलो तोलते.

समोर माझ्या सासूबाई बसल्या आहेत. आम्ही त्यांना माई म्हणतो. वय ऐंशी. मल्लेश्वरमच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. शेंग टेबलाच्या कडेवर ठेवतात, डाव्या अंगठ्याने दाबतात, फट पडली की त्याच हाताच्या तर्जनीने दाणे ओढून काढतात. उजवा हात शालीखाली मांडीवर. माझ्या चार शेंगा होतात तेव्हा त्यांची एक होते. पण त्यांच्या पातेल्यात एकही किडका दाणा जात नाही, माझ्यात जातो, आणि तो त्या माझ्या पातेल्यातून उचलून बादलीत टाकतात. न बोलता चूक दाखवणं हे जुन्या शिक्षकांना जमतं.

अवरेकाळूचा वास आला की मला तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर आठवतो. त्या मोसमात आमच्या घरात पिटा ब्रेड आला. कौतुकाने आला नाही, नाइलाजाने आला.

नोव्हेंबरात माईंना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं आठवडाभर अडखळलं, मग सुटलं. पाय महिन्याभरात काठीच्या आधाराने चालायला लागला. उजवा हात मात्र खांद्यापासून खाली पाहुण्यासारखा लटकत राहिला. डॉक्टर म्हणाले, हात येईल की नाही हे सांगता येत नाही, व्यायाम करा, मीठ जवळजवळ बंद करा, आणि मुख्य म्हणजे खाऊ घाला.

खाऊ घाला म्हणणं सोपं. माई भरवून घेईनात.

माझा नवरा विवेक सरकारी कारखान्यात इंजिनियर आहे. मोठमोठी यंत्रं बसवतो, पण आईपुढे चमचा धरून बसला की त्याचा चेहरा शाळेत गृहपाठ विसरलेल्या मुलासारखा व्हायचा.

"आई, एक घास. माझ्यासाठी."

"तुला मी भरवायचे," माई म्हणाल्या, "कारण तुला तेव्हा अक्कल नव्हती. मला आहे."

"मग स्वतः खा ना, डाव्या हाताने."

"डाव्या हाताने मी जेवणार नाही."

चमचा डाव्या हातात देऊन पाहिला. भात पदरावर सांडला, आणि सांडला नसता तरी त्यांनी तो पुन्हा उचलला नसता. त्यांच्या हिशेबी ताटात घास घ्यायला डावा हात जातच नाही, चमचा असो वा नसो. कुणाला हा हट्ट वाटेल. मलाही तेव्हा वाटला होता, आणि मी तो मनात फार चांगल्या शब्दांत म्हटलेला नव्हता. माई दिवसभरात दोन कप पेज आणि एक कप ताक पीत. तेही खोलीचं दार लोटून. वजन त्रेचाळीस किलोवर आलं. डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीत काटा पाहिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. पंधरा दिवस बघू.

माईंना दाराआडून ऐकू आलंच. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "नळीने कोण कुठल्या हाताने जेवलं हा प्रश्नच राहत नाही. तेवढं बरं."

विवेकने गाडी सुरू करायला बराच वेळ लावला.

मी रडणारी बाई नाही. अडचण आली की मला ती कागदावर मांडावीशी वाटते. त्या संध्याकाळी हेब्बाळच्या ऑफिसातून परतताना बसमध्ये मी मांडली. डाव्या हाताला काय चालत नाही, हे माईंनी सांगितलं होतं. काय चालतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. पेजेचा कप त्या डाव्या हाताने धरतात. जेवताना पाण्याचं भांडं तर आपण सगळेच डाव्या हाताने उचलतो. वाढतोही डाव्याने. चहाबरोबर बिस्किट? परवाच मी कोपऱ्यावरच्या बेकरीतला बन त्यांच्या चहाशेजारी विसरून आले होते. अर्ध्या तासाने गेले तर अर्धा बन गायब. डाव्या हातानेच गायब झाला असणार, दुसरा हात होता कुठे?

म्हणजे डाव्या हाताने जेवायचं नाही, पण डाव्या हाताने खायला हरकत नाही. ताट आलं, पोळी-भात आला, की ते जेवण आणि त्याला नियम. पाव, बिस्किट, पेरूची फोड हे खाणं. त्याला नियम नाही. हा फरक मी लहानपणापासून पाळत आले होते आणि कधी पाहिला नव्हता.

पण बनवर माणूस जगत नाही. त्यात मैदा, साखर आणि मीठ. ब्रेडच्या दोन चकत्यांत भाजी घातली तर एका हातात ती धरता येत नाही, मागून सगळं बाहेर. मला पाव हवा होता, गव्हाचा, बिनमिठाचा, आणि चारही बाजूंनी बंद. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वीस-बावीस वर्षांच्या मुली पिटा ब्रेड खातात. एका हातात तो, दुसऱ्या हातात फोन. मी इतकी वर्षं त्यांच्याकडे पाहून मनात म्हणत होते, धड जेवत पण नाहीत. आणि तेच तर मला हवं होतं.

दुकानातलं पाकीट मी उलटून वाचलं आणि परत ठेवलं. मैदा आणि मीठच मीठ. घरी करायचं ठरलं. दोन वाट्या चाळलेली कणीक, चमचाभर यीस्ट, एक चमचा दही, थोडं तेल, कोमट पाणी. पोळीच्या कणकेहून सैल भिजवायचं आणि दहा मिनिटं खरोखर मळायचं. डिसेंबरात बंगळुरात पीठ लवकर फुगत नाही. मी पातेलं वायफायच्या डब्यावर ठेवलं, तो बारा महिने कोमट असतो. विवेक म्हणाला, "सिग्नल कमी झाला तर?" मी म्हटलं, "मग तू माझ्याशी बोल."

पहिला घाणा साफ बिघडला. म्हणजे पोळ्या उत्तम झाल्या. मऊ, पदर सुटलेल्या. पण पिटाला जो एकच पोकळ खिसा लागतो, तो नव्हता. मी एक फाडून पाहिली तर पुस्तकाच्या पानांसारखे सहा पदर सुटले. मी यीस्टला दोष देत होते, तवा पुरेसा तापला नाही म्हणत होते. माई खोलीतून, दार अर्धवट उघडं, म्हणाल्या,

"घडी घातलीस."

"काय?"

"लाटताना. तेल लावून घडी घातलीस. पंचवीस वर्षं घडीची पोळी लाटतेस, हात विचारतो का तुला?"

मी आठवून पाहिलं. घातली होती. तेल लावून, दुमडून, पुन्हा दुमडून, पिठी भुरभुरून. मला पत्ताही नव्हता. उभ्या महाराष्ट्रात घडीच्या पोळीचं एवढं कौतुक होतं, आणि इथे तीच आडवी आली.

दुसऱ्या दिवशी मी मन लावून, बिनघडीचे, एकसारख्या जाडीचे गोल लाटले. बिडाचा तवा धूर यायला लागेपर्यंत तापवला. पहिला पिटा टाकला, उलटला, पुन्हा उलटला, आणि तो फुगला. बेडकासारखा गळा फुगवून तव्यावर बसला. मी खूश झाले आणि फडक्याने त्याला सगळीकडून दाबलं, फुलका दाबतो तसा. फुस्स करून कडेने फाटला. दुसराही. तिसरा फाटला तेव्हा मागे काठीचा आवाज आला. माई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

"फडकं मला दे," म्हणाल्या.

"तुम्ही भाजणार?"

"नाही. तुझ्या हातात राहू नये म्हणून."

फडकं डाव्या हातात घट्ट धरून त्या खुर्चीवर बसल्या आणि मी उरलेले पाच पिटे भाजले. पाचही फुगले, पाचही तसेच राहिले. खाली काढून कापडात गुंडाळले की आपोआप निवून बसतात आणि खिसा आत शाबूत राहतो. माई बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत वर्गात कुणाचं गणित सुटताना दिसावी तशी बारीक चमक होती.

आत काय भरायचं याचा मी बसमध्येच विचार केला होता. ओलं चालणार नाही, खिसा भिजून फाटतो. मीठ नाही, म्हणजे चवीला दुसरं काहीतरी लागणार. आदल्या दिवशी सकाळीच नागम्माने दोन किलो गळ्यात मारले होते. मी अवरेकाळू रात्रभर भिजवून त्यांची वरची सालं काढली होती. दाणा चिमटीत धरून दाबला की साल हातात राहते आणि आतली डाळ टुणकन उडते, निम्मी ओट्याखाली. ती डाळ मऊ शिजवली, भाजलेले तीळ, दोन लसूण पाकळ्या, चमचाभर तेल, भरपूर लिंबू आणि जिऱ्याची पूड घालून वाटली. शेजारी किसलेलं गाजर, कोथिंबीर, आणि फडक्यात टांगून घट्ट केलेल्या दह्याचा एक गोळा. पिटा अर्धा कापला, खिसा उघडला, भरला, खालून कागदात गुंडाळला.

माईंनी तो हातात घेतला नाही. आधी प्रश्न आले.

"हा पाव आहे?"

"पावच. गव्हाचा."

"ताट नाही?"

"ताटलीसुद्धा नाही."

"म्हणजे हे खाणं आहे. जेवण नाही."

"तुम्ही ठरवा."

मला वाटतं, त्यांना पळवाट दिसत होती आणि ती पळवाट आहे की खरोखरचा रस्ता, हे त्या तपासत होत्या. नियम मोडायचा नाही, पण नियम कुठवर जातो ते नीट पाहायचं, हे त्यांनी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. मग डावा हात पुढे आला. पहिला घास घेतला. चावला. गिळला.

"मीठ नाही," म्हणाल्या.

"नाही."

"लिंबू आणखी पिळ."

विवेक दारात उभा राहून बघत होता. मी त्याला डोळ्यांनीच दटावलं, आता काही बोलू नकोस. पिटा संपायला चाळीस मिनिटं लागली. मी घड्याळ पाहिलं, कारण मी बघतेच. कागद त्यांनी स्वतः चुरगाळून माझ्या हातात दिला.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरी रोज आठ पिटे फुगत होते. हे भरड, साधं अन्न किती गुणी आहे हे मला तेव्हा कळलं. कशालाही नाही म्हणत नाही. मटकीची कोरडी उसळ घाला, झुणका घाला, कोबीची पचडी घाला, बिटाचा कीस घट्ट दह्यात कालवून घाला. सगळं पोटात घेतो आणि बाहेरून स्वच्छ राहतो. पौष्टिक खाण्याबद्दल मोबाइलवर रोज मला काहीबाही येतं. अमुक बिया, तमुक पावडर. मी वाचत नाही. जे अन्न माणूस आपल्या हाताने खातो ते पौष्टिक, माझी व्याख्या एवढीच. ज्या कोणी बाईने पहिल्यांदा भाकरीला खिसा करायचा शोध लावला, तिच्या घरीही कुणीतरी हट्टी माणूस असणार असं मला उगाच वाटतं.

डॉक्टरांकडे पंधराव्या दिवशी काटा सव्वाचव्वेचाळीसवर आला. नळीचं नाव निघालं नाही.

पण दार अजून लोटलेलंच असायचं. खाणं काय, जेवण काय, कुणासमोर नको. ते दार उघडलं संक्रांतीला. बसवनगुडीहून माईंच्या धाकट्या जाऊबाई तिळगूळ घेऊन आल्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. काकूंचं प्रेम मोठं आणि आवाज त्याहून मोठा. त्या येणार हे कळल्यावर मी माईंचा पिटा खोलीत न्यायला निघाले.

"कुठे नेतेस?" माई हॉलमधूनच म्हणाल्या. "इथे आण."

आणला. माई सोफ्यावर बसून डाव्या हाताने खायला लागल्या. काकूंचा तिळगूळ हातातच राहिला.

"अगंबाई, माई! डाव्या हाताने? तुम्ही?"

"जेवत नाहीये गं. खातेय," माई म्हणाल्या. "जेवायला बसले की तुला कळवीन."

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी तिळाचा डबा उघडण्यात फार गुंतले होते. मग काकूंनी विचारलं, "आत काय आहे?" आणि पाच मिनिटांनी त्याही एक खात होत्या. उजव्या हाताने, पण निम्मं सारण साडीवर. माईंनी एक कण सांडला नाही. त्या दिवसापासून पिटा टेबलावर आला, आमच्या ताटांशेजारी.

माणसं शूर असतात म्हणजे काय करतात, याची माझी कल्पना त्या मोसमात बदलली. मी माईंचा हट्ट मोडायला बघत होते. त्यांनी तो मोडू दिला नाही आणि उपाशीही राहिल्या नाहीत. त्या म्हणत, उजवा हात येईपर्यंत. रोज सकाळी वीस मिनिटं चेंडू दाबायच्या, बोटं भिंतीवर चढवायच्या. पहिल्या वर्षी अंगठा थोडा हलला. दुसऱ्या वर्षी तेवढाच हलला. तिसऱ्या वर्षीही तेवढाच. भाताला त्यांनी या तीन वर्षांत हात लावला नाही. पेज पितात, भात नाही. चेंडू अजून दाबतात.

शेंगा संपत आल्या आहेत. उन्हं बाल्कनीतून निघून गेली. मी सालांची बादली उचलणार तेवढ्यात माई म्हणाल्या,

"वंदना, उद्या पीठ भिजवू नकोस."

"का? पोट बिघडलंय?"

"भात कर. साधं वरण-भात, लिंबू. थोडी भाजी."

"पेज करू?"

"पेज म्हणाले का मी? भात. ताटात."

मी बादली खाली ठेवली. माईंनी शालीखालून उजवा हात डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"हा येत नाही आता," म्हणाल्या. "तीन वर्षं वाट पाहिली. पुष्कळ झाली. भाताची चव विसरायला लागले मी."

दिलाशाचं बोलणं मला येत नाही, आणि खोटं माईंना चालत नाही. मी विचारलं, "वरण तुरीचं की मुगाचं?"

"तुरीचं. आणि विवेकला सांग, समोर बसून टक लावून बघू नकोस म्हणून."

"सांगते."

"सरी, ठीक आहे," म्हणाल्या आणि उरलेली शेंग फोडायला घेतली.

८ डिसेंबर, सोमवार. आज सकाळी ऑफिसला दोन तास उशिरा येते असं कळवलं. तांदूळ धुतले, भात नेहमीपेक्षा थोडा मऊ केला, म्हणजे एका हाताने कालवता येईल. ताट घेतलं आणि सवयीने भाजी उजवीकडे वाढली, चटणी, कोशिंबीर, लिंबू डावीकडे. मग थांबले. ते ताट विवेकपुढे सरकवलं. दुसरं ताट काढलं आणि सगळं उलटं वाढलं, भाजी डावीकडे, चटणी-लिंबू उजवीकडे. मधे भाताची मूद, वर वरण. पाण्याचं भांडं कुठे ठेवायचं ते मात्र सुचेना. घास घ्यायला तोच हात, भांडं उचलायलाही तोच. शेवटी बोटं पुसायला एक स्वच्छ फडकं ओलं करून, पिळून, घडी घालून भांड्याशेजारी ठेवलं, आणि खोलीकडे तोंड करून म्हटलं, "माई, ताट वाढलंय. जेवायला या."